हुंडणावळीची खबर : जयपूरच्या सराफ्यापासून मोबाइलवरच्या 'सिग्नल'पर्यंत

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी स्पष्ट करता याव्यात : (१) संस्थानी काळात एका राज्याचे नाणे दुसऱ्या राज्यात परकीय चलन कसे ठरत असे, (२) भावाची बातमी आणि भावाचे भाकीत यांत फरक काय, (३) चलनाच्या व्यवहारात एखाद्या खबरीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवला जाई, (४) आजच्या 'सिग्नल' सेवांची पारख करताना या इतिहासाचा उपयोग काय.

१. प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर असा संदेश आला असेल : 'युरो-डॉलर आत्ता घ्या, अमुक भावाला विका, तमुक भावाला तोटा थांबवा. आमचे ९० टक्के सिग्नल बरोबर येतात. पहिला आठवडा मोफत.' यालाच परकीय चलनाच्या व्यवहाराची सिग्नल सेवा म्हणतात. पैसे घेऊन कोणते चलन केव्हा घ्यावे आणि केव्हा विकावे हे सांगायचे, एवढाच तिचा धंदा. वसतिगृहात कुणीतरी मित्र म्हणतो की त्याला फायदा झाला. मग प्रश्न पडतो, की यातली विश्वासार्ह सेवा कोणती?

हा प्रश्न अर्थशास्त्राचा किंवा कायद्याचा वाटतो, पण त्याला इतिहास आहे. मोबाइल येण्याच्या शेकडो वर्षे आधी आपल्या देशातल्या बाजारपेठांत चलनांची अदलाबदल रोज होत होती आणि 'भावाबाबत कोणाचे ऐकावे' हा प्रश्न तेव्हाही होता. त्या काळच्या लोकांनी त्याचे उत्तर कसे शोधले, हे आपण जयपूरपासून सुरुवात करून पाहू.

२. जयपूरचा सराफ आणि 'परकी' रुपया

सवाई जयसिंग यांनी १७२७ साली जयपूर वसवले. रुंद रस्ते आणि आखीव चौक यांबरोबरच व्यापाऱ्यांच्या पेठा हा या शहराच्या आराखड्याचा मूळ भाग होता. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना बोलावून तिथे वसवण्यात आले. जोहरी बाजार आजही त्याची साक्ष देतो.

या बाजारात कोणता रुपया चालत होता? 'रुपया' हे नाव एकच असले तरी नाणी अनेक होती. जयपूरच्या रुपयावर पानांच्या फांदीची खूण असे, म्हणून त्याला 'झाडशाही' म्हणत. जोधपूरचा 'विजयशाही', मेवाडचा 'स्वरूपशाही', शिवाय कोटा आणि बुंदीची आपापली नाणी होती. दक्षिणेत पेशवाईत 'अंकुशी' आणि 'चांदवडी' रुपये चालत, तर निजामाच्या मुलखात 'हाली सिक्का' होता. कंपनी सरकारने १८३५ साली सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवला. तो यंत्रावर, म्हणजे 'कळी'वर पाडलेला असल्याने लोक त्याला 'कलदार' म्हणू लागले.

प्रत्येक नाण्यातली चांदी वेगळी, वजन वेगळे आणि झीज वेगळी असे. त्यामुळे जोधपूरहून जयपूरला आलेला माणूस खिशात एका अर्थाने परकीय चलन घेऊनच येत असे. ते बदलून देणारा सराफ जी कपात करी, तिला 'बट्टा' म्हणत. मराठवाड्यातल्या वाचकांनी घरच्या जुन्या माणसांकडून 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द ऐकले असतील. तिथे साधारण ७ हाली रुपयांना ६ कलदार असा दर होता.

सराफाचे काम तीन प्रकारचे होते. पहिले, नाणे कसोटीवर पारखणे आणि तोलणे. दुसरे, त्याचा आजचा भाव सांगणे. तिसरे, लांबच्या गावी पैसे पोहोचवण्यासाठी हुंडी देणे किंवा घेणे. जयपूरच्या पेढीने मुंबईच्या आडत्यावर लिहिलेली हुंडी म्हणजे 'हा कागद आणणाऱ्याला इतके पैसे द्या' अशी आज्ञा. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या दिवसांनंतर द्यायचे ती मुदती. अशा व्यवहाराच्या मोबदल्याला मराठीत 'हुंडणावळ' म्हणत. पुढे दोन देशांच्या चलनांमधल्या विनिमय दरालाही मराठी वर्तमानपत्रांनी हाच शब्द वापरला.

हुंडणावळ स्थिर नसे. माल खरेदीच्या हंगामात एखाद्या गावी रोख पैशाची मागणी वाढली की त्या गावावरच्या हुंडीचा भाव चढे आणि हंगाम सरला की उतरे. राजकारणाचाही परिणाम होई. १८व्या शतकात मराठ्यांनी जयपूर दरबाराकडून खंडणी मागितली. १७८७ साली महादजी शिंदे थकलेल्या रकमेसाठी सैन्य घेऊन जयपूरच्या हद्दीत आले आणि लालसोटची लढाई झाली. अशा खंडणीच्या व्यवहारात रोकडीबरोबर हुंड्याही चालत. म्हणजे 'अमुक लाख रुपये' एवढे ठरले तरी कोणते रुपये, कुठे आणि किती मुदतीने, हे प्रश्न उरतच असत.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्या. सराफाने सांगितलेला भाव हा नुसता सल्ला नव्हता, तो सौदा होता. 'विजयशाहीला मी इतके झाडशाही देतो' असे म्हटल्यावर त्याला त्या भावाने नाणी घ्यावीच लागत. भाव चुकला तर तोटा त्याच्या वहीत लिहिला जाई. हुंडी परत फिरली तर पेढीची पत जाई, आणि पत गेली की पेढी बसे. ग्राहकाला सराफाच्या मनातले हेतू ओळखण्याची गरज नव्हती. सांगणाऱ्याचे हित आणि त्याच्या बोलण्याचा खरेपणा एकमेकांना बांधलेले होते. सराफ लबाडी करत नसत असा याचा अर्थ नाही. बट्टा जास्त कापणे हा तक्रारीचा जुनाच विषय होता. पण पेठेत शेजारी दुसरा सराफ बसलेला असे आणि दोघांचे भाव ताडून पाहता येत.

३. बातमी आणि भाकीत

चलनाच्या किंवा मालाच्या व्यवहारात आधी कळलेल्या खबरीला किंमत असते. म्हणून मोठ्या पेढ्या स्वतःचे कासीद ठेवत आणि पत्रांची खासगी व्यवस्था चालवत. लांबच्या बाजारात काय घडले हे इतरांच्या एक दिवस आधी कळणे म्हणजे नफा.

याचे जगातले एक गाजलेले उदाहरण फ्रान्समधले आहे. तिथे १७९४ पासून डोंगरमाथ्यांवरच्या मनोऱ्यांवर लाकडी हात हलवून सरकारी संदेश पाठवण्याची यंत्रणा होती. ती खासगी लोकांसाठी खुली नव्हती. बोर्दो शहरात रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या ब्लाँ बंधूंना पॅरिसचा भाव टपालाआधी हवा होता. १८३४ साली त्यांनी तूर शहरातल्या यंत्रचालकाला लाच देऊन वश केले. पॅरिसचा साथीदार ठरलेल्या खुणेची वस्तू पाठवी. ती पाहून चालक सरकारी संदेशात मुद्दाम एक चूक घाली आणि लगेच ती दुरुस्त केल्याची खूण देई. संदेश शेवटी बरोबरच पोहोचे, पण वाटेतली ती 'चूक' बोर्दोपर्यंत जाई आणि मनोऱ्याकडे पाहत बसलेला माणूस ती टिपून घेई. हा प्रकार १८३६ साली उघडकीस आला. खटला झाला, पण यंत्रणेच्या अशा वापराविरुद्ध नेमका कायदाच नव्हता. १८३७ साली फ्रान्सने तो केला.

या कथेत आपल्या विषयाच्या दोन खुणा आहेत. एक, ब्लाँ बंधूंचा सिग्नल विश्वासार्ह होता, कारण ते भाकीत नव्हते. पॅरिसमध्ये घडून गेलेल्या गोष्टीची ती बातमी होती. दोन, त्यांनी तो सिग्नल कुणाला विकला नाही. ज्या खबरीतून खरोखर नफा होतो ती माणूस स्वतःपाशी ठेवतो. सर्वांना वाटली की तिची किंमत संपते.

मग खबर विकण्याचा प्रामाणिक धंदा असूच शकत नाही का? असू शकतो. पॉल ज्युलियस रॉयटर याने १८५० साली आखेन आणि ब्रसेल्स यांच्या दरम्यान तारेची साखळी जिथे तुटत होती तिथे कबुतरांकडून बाजारभाव पोहोचवले आणि १८५१ साली लंडनला कार्यालय काढले. त्याने 'उद्या भाव चढेल' असे विकले नाही, 'आज भाव हा आहे' एवढेच विकले. त्याची बातमी खरी की खोटी हे गिऱ्हाइकाला काही तासांत कळत असे. खोटी निघाली तर धंदा बुडाला असता. बातमीचा खरेपणा तपासता येतो आणि तोही लगेच. भाकीत तपासायला मात्र बराच काळ आणि पूर्ण नोंद लागते. भाकीत विकणाऱ्याला लपायला जागा मिळते ती इथेच.

४. तार आली, तरी अनिश्चितता गेली नाही

हिंदुस्थानात तारयंत्र १८५५ साली जनतेसाठी खुले झाले. रॉयटरचे कार्यालय मुंबईत १८६६ साली आले आणि १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. जी बातमी पोहोचायला आधी आठवडे लागत, ती तासांत येऊ लागली. खबर सर्वांना एकाच वेळी मिळाल्यावर भावाचा अंदाज सोपा होईल असे वाटणे साहजिक होते, पण तसे झाले नाही.

त्याआधीच मुंबईने एक धडा घेतला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाचा भाव अनेक पटींनी चढला. आलेला पैसा बँका आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये ओतला गेला. प्रेमचंद रायचंद यांनी एखाद्या कंपनीला हात लावला एवढी कुजबुज लोकांना पुरेशी होती. तोच त्या काळचा सिग्नल होता. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची फेड करायची वेळ आली तेव्हा शेकडो लोकांकडे द्यायला काही नव्हते. ज्यांच्या नावाचा सिग्नल होता ते प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले.

चलनाच्या बाबतीत दुसरा धडा १८९३ चा आहे. १८७० नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. १८७१ च्या सुमारास जवळपास २ शिलिंगांना मिळणारा रुपया १८९२-९३ मध्ये साधारण १ शिलिंग ३ पेन्सपर्यंत घसरला. २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीत लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले. त्यानंतर कलदार रुपयाची किंमत त्यातल्या चांदीवर अवलंबून राहिली नाही. सरकार किती रुपये बाहेर सोडते, यावर ती ठरू लागली. पण संस्थानांचे रुपये चांदीच्याच मोलाने चालत. त्यामुळे चांदी उतरली तसे ते कलदारच्या तुलनेत उतरले. राजपुतान्यातल्या सराफाने आयुष्यभर कमावलेले ज्ञान, म्हणजे कोणत्या नाण्यात किती चांदी, हंगामात मागणी केव्हा वाढते, हे एका सरकारी निर्णयापुढे अपुरे पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात रुपयाच्या याच प्रवासाची चिकित्सा केली आणि चलन छापणाऱ्याच्या मर्जीवर मर्यादा हवी असा आग्रह धरला.

स्वातंत्र्यानंतरही हेच दिसते. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये झाला. १९९१ च्या जुलैत तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले. १५ जानेवारी २०१५ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने एका युरोला १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक काढून टाकली. त्या दिवशी 'तोटा थांबवा' अशी आगाऊ सूचना दिलेल्यांचेही सौदे त्या भावाला झाले नाहीत, कारण मधल्या भावांना घेणाराच कोणी नव्हता. काही दलाली कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. चलनाच्या इतिहासातल्या मोठ्या उलथापालथी बंद दाराआड ठरतात. त्या आलेखावर आधी दिसत नाहीत.

५. सिग्नल उरला, माल गेला : मुंबईचा 'आकडा'

खबरीचा धंदा आपल्या मूळ कारणापासून कसा सुटतो, याचे उदाहरण मुंबईतच आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला येत. कापसाच्या व्यापाऱ्याला त्यांचा खरा उपयोग होता. पण ज्यांचा कापसाशी काही संबंध नव्हता असे लोक त्या भावाच्या शेवटच्या आकड्यांवर पैज लावू लागले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले. पैज मात्र थांबली नाही. चिठ्ठ्या टाकून मडक्यातून आकडा काढायचा, एवढाच बदल झाला. तोच मटका. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द बाजाराचे होते, ते तसेच राहिले.

विचार करा : मडक्यातून निघणाऱ्या आकड्याला मागचा-पुढचा काही संबंध नसतो. तरीही जुन्या आकड्यांचे तक्ते करून पुढचा आकडा सांगणारे निघाले आणि त्यांचे ऐकणारेही निघाले. यावरून सिग्नलला गिऱ्हाईक आहे म्हणून तो खरा आहे, असे म्हणता येत नाही.

असा भाकीतकार कधी कधी बरोबर कसा येतो, याचे गणित साधे आहे. समजा, एकाने १०२४ जणांना संदेश पाठवला. निम्म्यांना 'भाव चढेल' आणि निम्म्यांना 'भाव उतरेल'. कोणत्या तरी ५१२ जणांना तो बरोबर वाटणारच. पुढच्या वेळी फक्त त्या ५१२ जणांना पुन्हा असेच अर्धे-अर्धे. पाच फेऱ्यांनंतर ३२ माणसे उरतात, ज्यांनी सलग पाच वेळा अचूक अंदाज येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. ते शपथेवर साक्ष देतील आणि त्यांची साक्ष खोटीही नसेल. उरलेले ९९२ जण मात्र कुठे बोलायला येत नाहीत.

६. पूर्ण नोंद तपासली तेव्हा

भाकीत विकणाऱ्यांची पूर्ण नोंद तपासण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेत आल्फ्रेड कोल्स यांनी केला. ते स्वतः अशा सल्लापत्रिकांचे वर्गणीदार होते आणि १९२९ ची पडझड त्यांतल्या सल्लागारांना आधी दिसली नाही हे त्यांनी पाहिले होते. १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी १६ सेवांच्या सुमारे ७,५०० शिफारशी तपासल्या. त्या शिफारशींवर चालणाऱ्याला बाजाराच्या सरासरीपेक्षा वर्षाला सुमारे १.४ टक्के कमीच मिळाले असते. त्यातल्या सर्वांत यशस्वी सेवांचे यशही निव्वळ योगायोगाने मिळू शकेल एवढेच होते.

हा अभ्यास शेअरचा होता. चलनाबाबत १९८३ साली रिचर्ड मीस आणि केनेथ रोगॉफ यांनी त्या काळची प्रमुख आर्थिक प्रतिरूपे पारखली. वर्षभरापर्यंतच्या मुदतीत 'उद्याचा दर आजच्यासारखाच' या साध्या गृहीतकापेक्षा ती सरस ठरली नाहीत. नंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झाले, पण थोड्या मुदतीचा विनिमय दर सांगणे फार अवघड आहे हा निष्कर्ष टिकून आहे.

आणखी एक गणित लक्षात ठेवा. 'दहापैकी आठ सिग्नल बरोबर' याचा अर्थ नफा असा नाही. आठ वेळा १०० रुपये मिळाले आणि दोन वेळा ५०० गेले, तर मिळकत ८०० आणि तोटा १,००० होतो. अचूकता ८० टक्के, खिशातून मात्र २०० रुपये गेले.

७. आजचे जयपूर : दोन वाटा

आज जोहरी बाजारात उभे राहिलात तर परकीय चलनाशी खरा संबंध असलेली माणसे भेटतील. कच्चे पन्ने आणि इतर रंगीत खडे परदेशातून आणायचे, इथे पैलू पाडायचे आणि दागिने बाहेर विकायचे. हा जयपूरचा मोठा उद्योग आहे आणि त्याचे पैसे मुख्यतः डॉलरमध्ये येतात. निर्यातदाराला तीन महिन्यांनी डॉलर मिळणार असतील, तर तोवर दर उतरण्याची भीती त्याला असते. तो भाकीत विकत घेत नाही. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँकेशी आजच दर ठरवून करार करतो. त्याला 'फॉरवर्ड' म्हणतात. मुदती हुंडीचा मान्य झालेला भाव आठवा. इथेही भाव सांगणारी बँक त्या भावाला बांधलेली असते. ती जुन्या सराफाच्या जागी आहे.

दुसरी वाट मोबाइलवरची. तिथे परदेशी संकेतस्थळावर खाते उघडायला सांगतात आणि शंभरपट उधारीची सोय देतात. १०,००० रुपयांवर १० लाखांचा सौदा करता येतो. मग भाव फक्त १ टक्का उलटा गेला की सगळे १०,००० गेले. युरोपच्या बाजार नियामकाने २०१८ साली सांगितले, की अशा उधारीच्या सौद्यांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात. सिग्नल देणारा मात्र अनेकदा तोट्यात जात नाही. त्याला तुमच्याकडून वर्गणी मिळते, शिवाय गिऱ्हाईक आणल्याबद्दल किंवा प्रत्येक सौद्यामागे दलाली कंपनीकडून मोबदला मिळू शकतो. तुम्ही जितके जास्त सौदे कराल तितके त्याला बरे. काही ठिकाणी तर दलाली कंपनीच तुमच्या सौद्याची दुसरी बाजू असते. तुमचा तोटा तिचा नफा. सराफाचे हित त्याच्या बोलण्याला बांधलेले होते. इथे ती गाठ सुटलेली आहे.

कायदाही पाहा. १९७३ च्या कडक 'फेरा' कायद्याच्या जागी 'फेमा' हा १९९९ चा कायदा १ जून २००० पासून लागू झाला. त्यानुसार परकीय चलनाचे व्यवहार परवानाधारकांमार्फत आणि मान्य मंचांवरच करता येतात. उल्लंघन झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षण, प्रवास यांसाठी परदेशी पैसे पाठवण्याची जी उदार सवलत आहे, ती परदेशी चलन-सौद्यांची अनामत भरण्यासाठी वापरता येत नाही. देशातल्या शेअर बाजारात चलनाचे वायदे २९ ऑगस्ट २००८ पासून सुरू झाले. पण रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार, जे ३ मे २०२४ पासून लागू झाले, रुपयाशी निगडित असे करार ज्याच्यापाशी परकीय चलनाची खरी जोखीम आहे त्यानेच करायचे आहेत. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादीही प्रसिद्ध करते. त्या यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे, असा अर्थ काढू नये, हेही तिने सांगितले आहे.

८. पारख कशी करावी

'विश्वासार्ह सिग्नल सेवा कोणती' या प्रश्नाला इतिहास एखादे नाव देत नाही, पण कसोटी देतो. कोणी भाव सांगितला की चार प्रश्न विचारा.

पहिला : ही बातमी आहे की भाकीत? बातमी ताडून पाहता येते, भाकीत नाही.

दुसरा : चुकले तर तोटा कोणाचा? सांगणाऱ्याचा काहीच जात नसेल, तर त्याच्या बोलण्याला वजन नाही.

तिसरा : पूर्ण नोंद कुठे आहे? निवडक यशाची चित्रे नकोत. प्रत्येक सिग्नल, वेळेसह, आधी जाहीर केलेला आणि तिऱ्हाइताने तपासलेला हवा.

चौथा : हा सिग्नल खरोखर नफ्याचा असेल, तर तो काही शे रुपयांत मला का विकला जात आहे?

या चार प्रश्नांतून पार पडणारी सेवा शोधायला निघालात तर बहुधा हात रिकामेच राहतील. पण ते रिकामे हातही काही सांगतात. फीसाठी ठेवलेले पैसे खात्यात राहिले, तर शोध वाया गेला असे म्हणता येणार नाही.

सारांश

संस्थानी काळात राज्याराज्यांची नाणी परस्परांना परकी होती आणि त्यांचा भाव सांगणारा सराफ त्या भावाला स्वतः बांधलेला असे. वेगवान खबरीने नफा होई तो बातमीमुळे, आणि ती बातमी मिळवणारा ती स्वतःपाशी ठेवी. तार आल्यावर बातमी सर्वांची झाली, तरी भाकीत अवघडच राहिले. चलनातले मोठे बदल धोरणातून येतात, हे १८९३, १९६६, १९९१ आणि २०१५ च्या उदाहरणांवरून दिसते. खबरीची विश्वासार्हता तिच्या वेगात किंवा आत्मविश्वासात नसते. ती सांगणाऱ्याच्या जबाबदारीत आणि नोंद तपासता येण्यात असते.

स्वाध्याय

१. 'बट्टा', 'हुंडणावळ' आणि 'कलदार' या संज्ञा स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. ब्लाँ बंधूंचा सिग्नल आणि आजच्या सिग्नल सेवेचा संदेश यांत कोणते मूलभूत फरक आहेत?

३. १८९३ च्या निर्णयाचा संस्थानी रुपयांच्या भावावर परिणाम का झाला?

४. ६४ जणांना अर्धे-अर्धे उलट संदेश पाठवल्यास तीन फेऱ्यांनंतर किती जणांना सलग तीन वेळा बरोबर अंदाज मिळालेला असेल? या उत्तरावरून 'माझ्या मित्राला फायदा झाला' या पुराव्याचे मोल ठरवा.

५. तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या ज्येष्ठ व्यक्तीला जुन्या नाण्यांविषयी, हुंडीविषयी किंवा आकड्याविषयी विचारा आणि त्या काळी भावाबाबत कोणाचे ऐकले जाई हे एका पानात लिहा.